उपटा म्हणता, पण काय?

गेल्या महिन्यात आमच्या खाऱ्या पाण्याच्या मंडळींची बैठक कॉलेज रोडवर एकाच्या घरी झाली. नाशकात समुद्री टँक ठेवणारे आम्ही तसे मोजकेच. सगळे मिळून एका दिवाणखान्यात मावतो. एका नवख्या मुलाने मोबाइल पुढे केला. दगडावर बोटभर हिरवा झुपका. "हे काय आहे?" आमच्यातल्या ज्येष्ठांनी फोटोकडे न बघताच निकाल दिला. "शेवाळ आहे. उपट आणि फेक. नायट्रेट-फॉस्फेट खाली आण, आपोआप जाईल. नाव कळून काय त्याची पत्रिका जुळवायचीय?" सगळे हसले. मीही हसलो, आणि ते हसू घरी येईपर्यंत मला टोचत राहिलं, कारण तो मुलगा मोबाइल खिशात घालून गप्प बसला होता.

या ज्येष्ठांशी माझं भांडण नाही. हा छंद मी त्यांच्याकडूनच शिकलो. खारटपणा ३५ वर कसा ठेवायचा, नाशिकच्या एप्रिलमध्ये टँकचं पाणी २६ अंशांवर कसं रोखायचं, रोज उडून जाणारं पाणी साध्या आरओच्या पाण्याने का भरायचं, मिठाच्या का नाही, हे त्यांनी मला दाखवलं. त्यांचं म्हणणं अर्धं खरंही आहे. टँकमध्ये शेवाळ माजतं ते बहुतेक वेळा खाद्य जास्त पडतं म्हणून. नायट्रेट-फॉस्फेट आवरलं, की पुष्कळ शेवाळं आपोआप मागे हटतात. प्रश्न उरलेल्या अर्ध्याचा आहे, आणि तो अर्धा भाग ते विनोदात उडवून लावतात.

नाव विचारणं ही चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दिंडोरीकडे किंवा पिंपळगाव बसवंतकडे एखाद्या द्राक्षबागेत जाऊन यावं. घड सेट होताना समुद्री शेवाळाचा अर्क फवारणारा बागायतदार दुकानात डबा उलटा करून वाचतो. आत कोणतं शेवाळ आहे? अ‍ॅस्कोफायलम नोडोसम, म्हणजे उत्तर अटलांटिकच्या थंड खडकांवरचं तपकिरी शेवाळ? की कप्पाफायकस, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दोरांना बांधून वाढवतात ते लाल? की काहीच न लिहिता नुसतं 'सी-वीड'? २०२१ मध्ये केंद्राने खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा वेगळा वर्ग आणला आणि शेवाळाचे अर्कही त्यात घेतले. आयुष्यात समुद्रात पाय न भिजवलेला निफाडचा शेतकरी शेवाळाचं नाव विचारून पैसे मोजतो, आणि घरात काचेच्या पेटीत समुद्र ठेवणारे आम्ही म्हणतो, नाव कशाला?

आता 'उपट आणि फेक'कडे वळू. हा सल्ला एक वाटतो, पण तो पाळायला गेलं तर पाच-सहा निरनिराळी कामं निघतात, आणि त्यातली काही एकमेकांच्या उलट आहेत.

कॉलर्पा घ्या. दगडावरून आडवा धावणारा देठ, त्यातून वर पानांसारखे तुरे, खाली मुळांसारखे पकड धरणारे तंतू. शेतकऱ्याला सांगायचं तर समुद्रातली हरळी. हरळी कुदळीने उपटली की काय होतं, हे बांधावर राबलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. जितके तुकडे तितकी रोपं. कॉलर्पाची गंमत अशी, की हातभर पसरलेलं ते सगळं झाड म्हणजे एकच पेशी. आतून सलग, मध्ये भिंत नाही, केंद्रकं मात्र असंख्य. तुटलं की जखम स्वतःच बुजवतं आणि तुकडा नवा संसार मांडतो. ते टँकमध्ये फराफरा ओढाल तर पंपाच्या धारेबरोबर तुकडे सगळीकडे पेराल. बरं, हात न लावता ठेवलं तरी धोका टळत नाही. कधीकधी ते एका रात्रीत आपला सगळा जीवनरस प्रजननपेशींच्या रूपाने पाण्यात सोडून देतं. सकाळी पांढरं कवच उरतं, पाणी हिरवट दुधाळ होतं, आणि मासे वर येऊन धापा टाकतात.

व्हॅलोनियाचे हिरवे काचमण्यांसारखे फुगे वेगळेच. तो फुगा बुडाशी नखाने सोडवून अख्खा काढायचा. फोडला तर आतून पिल्लं सुटतात की नाही, यावर आमच्यात रात्र-रात्र वाद झालेत; अख्खा काढला की वादाचं कारणच उरत नाही. हॅलिमेडा, म्हणजे चुन्याच्या चकत्यांची माळ, उपटायची गरजच नसते, कात्री पुरते. कीटोमॉर्फाचा गुंता, ज्याला सगळे लाडाने कीटो म्हणतात, तो तर आपण मुद्दाम संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या गाळणीच्या टाकीत, वाढवतो आणि महिन्याला मूठभर काढून टाकतो, कारण बाहेर जाताना तो नायट्रेट घेऊन जातो. आणि तारेसारखी ताठ लाल-काळी हरळ दगडावर बसली, तर ती बोटांनी निघतच नाही; दगड बाहेर काढून घासावा लागतो. यांतलं नेमकं काय उपटायचं, कसं, की उपटायचंच नाही, हे नाव कळल्याशिवाय ज्येष्ठ सांगणार कसे? ते स्वतः सांगतात, कारण त्यांच्या डोळ्यांना या वनस्पती ओळखू येतात. नाव त्यांच्या मनात येतं, फक्त तोंडावर येत नाही. नवख्याकडे ते डोळे अजून नाहीत.

बैठकीत दुसरा एक पक्षही होता, आणि तो मला जास्त घातक वाटतो. "मोबाइलला विचार ना. फोटो काढ, पूर्ण लॅटिन नाव येईल." या पक्षाविषयी मी पोटतिडकीने बोलतो, कारण त्याचा बळी मी स्वतः आहे.

दोन वर्षांपूर्वी एका मित्राने टँक मोडला, तेव्हा त्याच्याकडचा एक दगड मी घेतला. सिमेंटचा, घडवलेला. (प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे दगड कशाचा आहे हे आधी विचारायची सवय आम्हाला लागली आहे. दगडाचं नाव विचारतो, त्यावर वाढलेल्याचं नाही.) महिन्याभरात त्या दगडावर गडद हिरवा, मऊ, पिसासारखा झुपका आला. मोबाइलने नाव सांगितलं: ब्रायोप्सिस. रीफवाल्यांना, म्हणजे टँकमध्ये प्रवाळ ठेवणाऱ्यांना, धडकी भरवणारं नाव. ब्रायोप्सिसवर काही लोक बुरशीवरचं औषध वापरतात, फ्लुकोनॅझोल, आणि पुष्कळांना गुणही आला आहे. डॉक्टर मित्राकडून चिठ्ठी घेतली. रुग्णाच्या नावापुढे काय लिहायचं यावर हसून झालं. माझा टँक तीन फुटी, दोनशे लिटरचा. गाळणीतला कार्बन काढला, पाण्यातला मळ फेसाने काढणारा स्किमर बंद केला, दीडशे मिलिग्रॅमच्या सात गोळ्या कुटून टाकल्या. दोन आठवडे वाट पाहिली. झुपका हलला नाही. उलट दाट झाला.

तिसऱ्या आठवड्यात बारावीतली पुतणी सुट्टीला आली. तिच्याकडे साधा, विद्यार्थ्यांचा मायक्रोस्कोप होता. तिने चिमट्याने दोन-तीन तंतू काढले, काचपट्टीवर टँकच्याच पाण्याचा थेंब टाकला (नळाचं पाणी घेतलं तर पेशी फुगून फुटतात, हे तिला मी सांगितलं, एवढंच माझं योगदान) आणि शंभरपट करून पाहिलं.

"काका, यात तर भिंती आहेत."

मी डोळा लावला. तंतू बांबूसारखा, कांडी कांडी. प्रत्येक कांड्याला आडवी भिंत, आणि वरच्या भिंतीपासून बाजूला फांदी फुटलेली. ब्रायोप्सिसमध्ये असं दिसत नाही. तेही कॉलर्पासारखंच आतून सलग असतं, मोकळ्या नळीसारखं. भिंती आणि फांद्या, म्हणजे हे क्लॅडोफोरा. भिंती आहेत पण फांद्या नाहीत असं असतं तर कीटोमॉर्फा. औषध चुकलं नव्हतं, रुग्ण चुकला होता. दोन आठवडे माझ्या टँकमध्ये बुरशीचं औषध विनाकारण फिरत होतं, आणि जे काम बोटांनी आणि दात घासायच्या ब्रशने करायचं ते मी केलंच नव्हतं.

'मोबाइल सुधारेल' असं कुणी म्हणेल. सुधारेलही. पण अडचण कॅमेऱ्याची नाही. शेवाळाचं रूप हे त्याच्या ओळखीचं फार विश्वासू साधन नाही. उल्वा, ते पातळ लेट्यूससारखं हिरवं शेवाळ, आणि एंटेरोमॉर्फा, ती पोकळ हिरवी नळी, यांना दीडशेहून जास्त वर्षं लोक दोन वेगळ्या प्रजाती (जीनस) मानत होते. २००३ मध्ये डीएनए तपासून कळलं, की या दोन प्रजाती नाहीतच. आणि शोधनिबंधाच्या शीर्षकातच लिहावं लागलं, की दोघांना एकच मानणाऱ्या लिनियसचं पहिल्यापासून बरोबर होतं. भोवतालचे जिवाणू काढून निर्जंतुक पाण्यात उल्वा वाढवली, तर तिला पानाचा आकारच येत नाही, नुसता पेशींचा पुंजका होतो. कोणता फोटो काढणार?

त्याहून मजेदार गोष्ट डर्बेसियाची. एकीकडे हिरवे बारीक तंतू, दुसरीकडे हॅलिसिस्टिस नावाचे छोटे हिरवे फुगे. दोघांची नोंद वेगवेगळी, वर्णनं वेगवेगळी. १९३८ मध्ये कोर्नमान या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं, की फुगा हा त्याच तंतूची दुसरी पिढी आहे. म्हणजे आमच्या टँकमध्ये एका दगडावर 'केसाळ शेवाळ' आणि दुसऱ्यावर 'बुडबुड्याचं शेवाळ' म्हणून आम्ही दोन शत्रू मोजतो, तेव्हा एखादेवेळी एकाच घरातले आईवडील आणि पोरं मोजत असू. आणि १९४९ मध्ये कॅथलीन ड्र्यू या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शिंपल्यात घुसलेली गुलाबी बुरशीसारखी वाढ ही पोर्फिराची, म्हणजे जपानी नोरीची, एक अवस्था आहे हे सिद्ध केलं, तेव्हा जपानच्या नोरी-शेतीला बी कुठून येतं याचं उत्तर मिळालं. त्या स्वतः कधी जपानला गेल्या नव्हत्या. तिथे समुद्राकाठी त्यांचं स्मारक आहे. नाव कळून काय होतं, असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर.

पण मग काय, प्रत्येकाने डीएनए करायचा? नाही. इथेच दोन्ही पक्षांची चूक एक होते. 'नाव नको' म्हणणारा झुपका हातात घेत नाही, आणि 'पूर्ण नाव सांगतो' म्हणणाराही घेत नाही. हातात घेतला तर घरच्या वस्तूंनी बरंच कळतं. चिमूटभर शेवाळावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे: हॅलिमेडा असेल, गुलाबी कॉरलाइन असेल, किंवा पंख्यासारखा पॅडायना, जो मालवणच्या खडकांवरही दिसतो आणि तपकिरी शेवाळांत चुना धरणारा जवळपास एकटाच आहे. दुसरा तुकडा वाटीभर साध्या पाण्यात रात्रभर ठेवा. लाल शेवाळाचा रंग पाण्यात विरघळतो आणि पाणी गुलाबी पडतं. झुपका दिव्याखाली कितीही तपकिरी, जांभळा, अगदी हिरवट दिसत असला तरी. तपकिरी शेवाळ उकळत्या पाण्यात बुडवलं की डोळ्यांदेखत हिरवं होतं. पुष्कळ लाल शेवाळंही तशीच हिरवी पडतात, म्हणून ही कसोटी गुलाबी पाण्याच्या कसोटीनंतरच करायची, एकटी नाही. आणि सातवीत आपण सगळ्यांनी पानावर केलेला प्रयोग: गरम पाण्याच्या भांड्यात स्पिरिटची वाटी ठेवून (गॅस बंद करून) रंग काढायचा आणि टिंक्चर आयोडीन टाकायचं. हिरव्या शेवाळात स्टार्च असतो, तो निळा-काळा होतो. लाल शेवाळाचा स्टार्च वेगळ्या जातीचा, तो तांबूस होतो. तपकिरीत स्टार्चच नाही.

एवढ्याने जात कळत नाही. घराणं कळतं, आणि थोडी नजर बसली की प्रजाती. टँक सांभाळायला ते पुरतं. पुढचं नाव माहीत नसेल तर ते न लिहिणं हेही शास्त्रच आहे; शास्त्रज्ञ प्रजातीपुढे जागा मोकळी सोडतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. फ्रेडरिक ब्योर्गेसेन या डॅनिश वनस्पतीशास्त्रज्ञाने साठी ओलांडल्यावर, १९२७-२८ मध्ये, मुंबई आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत शेवाळं गोळा केली. पुढची काही वर्षं तो त्यांचे पातळ काप करून, पेशी रेखाटून, निबंध लिहीत राहिला. मुंबईच्या सागरी शेवाळांची त्याची यादी १९३५ सालची. त्याने एका तपकिरी शेवाळाला मद्रासचे शैवालतज्ज्ञ एम. ओ. पी. अय्यंगार यांचं नाव दिलं, इयंगारिया. आपल्या किनाऱ्याच्या शेवाळांची ओळख अशी काचपट्टीवर झाली आहे. आपण तिचा निकाल अर्ध्या सेकंदात बोटाच्या टिचकीने मागतो.

बैठकीत एक तिसरा मुद्दाही निघाला, आणि तो बिनतोड वाटावा असा होता: "अरे, नाशिकला समुद्र कुठाय? चुकून गटारात गेलं तरी बिघडतं काय?" खरं आहे. कॉलर्पाचा तुकडा गोदावरीत पडला तर गोड्या पाण्यात तो मरेल. रामकुंडात कॉलर्पा उगवण्याची भीती मी घालणार नाही. पण गोदेच्या पात्रातली पाणवेली काढण्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो, ती वेलही दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणूनच निघाली होती. आणि आमचे तुकडे नाशकात कुठे राहतात? आम्ही एकमेकांना देतो. प्लास्टिकच्या पिशवीत, थोडं पाणी घालून, कसारा घाटातून चार तासांत मुंबई; तिथून कुणी गोव्याला, कुणी रत्नागिरीला.

१९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या पायथ्याशी, भूमध्य समुद्रात, जेमतेम एक चौरस मीटर कॉलर्पा टॅक्सिफोलिया दिसलं. नीस विद्यापीठाचे अलेक्झांद्र मेनेझ इशारे देत राहिले, की हे मत्स्यालयातून निसटलेलं आहे. संग्रहालयाच्या बाजूने उत्तर आलं, की छे, ही तर कॉलर्पा मेक्सिकाना, सुएझमार्गे लाल समुद्रातून आलेली, फक्त रूप बदललेली. भांडण नावाचं होतं! १९९८ मध्ये डीएनएने निकाल दिला: मत्स्यालयांतलंच शेवाळ, आणि दोन जाती वेगळ्या. तोवर ते हजारो हेक्टरवर पोचलं होतं. (पुढे ते बरंचसं ओसरलंही, हे सांगायलाच हवं, 'खुनी शेवाळ' म्हणणाऱ्यांना ते आवडत नाही.) उलट कॅलिफोर्नियात जून २००० मध्ये कार्ल्सबादजवळच्या खाडीत तेच दिसलं, तेव्हा ओळख ताबडतोब पटली. तीन आठवड्यांच्या आत ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडायला सुरुवात झाली, आणि २००६ मध्ये ते संपल्याचं जाहीर झालं. खर्च सुमारे ७० लाख डॉलर. त्या राज्याने २००१ मध्ये बंदी घातली ती एका जातीवर नाही, कॉलर्पाच्या नऊ जातींवर. त्यातल्या काही केवळ एकमेकींसारख्या दिसतात म्हणून. दिसण्यावर विसंबता येत नाही, हे कायद्यालाही मान्य करावं लागलं.

आपल्याकडे कॉलर्पाच्या अनेक जाती किनाऱ्यावर मूळच्याच आहेत, म्हणून दरवेळी परक्यांची हाकाटी करायचं कारण नाही. पण कप्पाफायकस मूळचं नाही. लागवडीसाठी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आणलं, आणि २००८ मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडई बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर पसरल्याची नोंद झाली. तिथल्या लोकांनी 'शेवाळ आहे, समुद्रात असणारच' असं म्हणून सोडून दिलं असतं, तर ती नोंदही झाली नसती.

तो मुलगा परवा माझ्याकडे येऊन गेला. डबीत झुपका घेऊन. पुतणी पुन्हा सुट्टीवर होतीच. दोघांनी काचपट्टी केली, आयोडीन टाकलं, टेबलाला डाग पाडला. भिंती नव्हत्या. मधला दांडा, दोन्ही बाजूंना पिसासारख्या फांद्या. म्हणजे याला खरंच ब्रायोप्सिस झालं होतं, आणि माझ्याकडे उरलेल्या गोळ्या त्याच्या कामाच्या होत्या.

मग पुतणीने उरलेला तुकडा ताटात पाणी घालून तरंगवला, खालून जाड कागद सरकवला, कात्रीच्या टोकाने फांद्या मोकळ्या केल्या, वर जुनं मलमलचं कापड, आणि त्यावर माझे शब्दकोश. शेवाळाच्या अंगच्या चिकटपणानेच ते कागदाला धरतं. चार दिवसांनी तिने खाली पेनने लिहिलं. प्रजाती: ब्रायोप्सिस. जात: मोकळी जागा. आधार: सिमेंटचा दगड. ठिकाण लिहिताना ती थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. मग लिहिलं: नाशिक, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर.